एनर्व्हेट म्हणजे काय?

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय — का, ते मलाही नीट कळत नाही.

वैशाली माझी मैत्रीण, पाचोड गावची. लग्नाआधी आम्ही दोघी शहरात टीव्ही सेंटरजवळ एका खोलीत राहायचो, एकाच मुलाखतीची तयारी करायचो. चिकलठाण्यातली कंपनी, परदेशी ग्राहकांशी बोलायचं काम. म्हणून रोज अवघड इंग्रजी शब्द पाठ करायचे, एकमेकींना अर्थ विचारायचे.

पण ती मधूनच गॅलरीत जायची. दार ओढून घ्यायची. मी जवळ गेले की गप्प. कुणाशी बोलत होती? माझ्यापासून काय लपवत होती? — दुसरं काही सुचायचंच नाही मला.

एकदा तिनं ‘सँग्विन’ म्हणजे आशावादी, असं सांगितलं. मी मोबाईलवर पाहिलं — रक्तासारखा लाल. झालं. ही मला मुद्दाम चुकीचं सांगतेय. तिला विचारलं का? नाही. मनात ठेवलं.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी चहा गाळता गाळता ती म्हणाली, “एनर्व्हेट म्हणजे काय गं?”

मला येत होता तो. अंगातली शक्ती काढून घेणं, गळून जायला लावणं.

“उत्साह भरणं,” मी म्हणाले.

“लई भारी शब्द हाय. उद्या वापरते.”

वापरला तिनं. ग्राहकांशी बोलून मी पार गळून जाते, असं हसतमुखानं सांगून आली. समोरचे हसले, मग त्यांच्यातल्याच एकानं तिला खरा अर्थ सांगितला. मला नोकरी लागली. तिला नाही.

“मीच चुकीचं ऐकलं असंल,” गावी जायला बॅग भरताना ती म्हणाली. माझ्याकडं बघून — संशय नावालासुद्धा नाही. तेव्हा कुठं मी विचारलं, गॅलरीत कुणाशी बोलायचीस?

“कुणाशी नाय. शब्द म्हणायचे मोठ्यानं. माझे उच्चार ऐकून तू हसतीस ना.”

ती गेल्यावर मी ‘सँग्विन’ पुन्हा पाहिला. दुसऱ्या ओळीत होतं — आशावादी. मी पहिल्या ओळीवरच थांबले होते.

तिचा फोन अजून येतो. परवा तिनं मुलीच्या हातात फोन दिला. “मावशीला विचारत जा, तिला समदे अर्थ येतात.”

मी म्हटलं, विचारत जा.