सातवं तळं

संप लांबला तेव्हा काळाचौकीला बंद गिरणीच्या भिंतीशी एक कामगार सायकलींचे पंक्चर काढायला बसू लागला. तो भंडाऱ्याकडचा, इतक्या लांबून गिरणीत कसा आला, याचं मला कुतूहल होतं. आम्ही तिघे मित्र त्याच्याच मुलखात तळी पाहत सायकली हाणायला निघालोय म्हटल्यावर त्यानं शर्टाला हात पुसले आणि निळ्या खडूनं भिंतीवर रस्ता काढला. सात तळी, सात गोल. सहा रंगवले, सातवा रिकामा ठेवला.

“डांबरीनं नका जाऊ भाऊ, बांधावरून जाजा. सातव्या तळ्याले माझं घर हाये. पाणी असंल तर पोरायले घेऊन परत जातो, धान लावतो. तेवढं पाहून याजा.”

सहाव्या तळ्यावर आम्ही दमलो आणि परत फिरलो.

मुंबईत माझी ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवत त्यानं विचारलं, “पाणी?”

खरं सांगायची लाज वाटली. “काठोकाठ,” म्हणालो.

बुडबुडे पाहत तो हसला. “ट्यूब पाण्यात धरली का भोक समजते. माणसाले मात्र इचारा लागते, बाप्पा.”

पुढच्या आठवड्यात त्याची जागा रिकामी होती. भिंतीवरचा सातवा गोल त्यानं जाण्याआधी निळा रंगवला होता. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.