पडद्यामागचं स्वयंपाकघर

मी घर सोडलं त्या सकाळी अण्णा तिकिटाच्या खोलीत जाऊन बसले होते. तिकीट काढायला कुणी येणार नव्हतं. आमचं ड्राइव्ह-इन थिएटर बंद पडून काही वर्षं झाली होती आणि गाड्या उभ्या करायच्या उंचवट्यांवर दादाने जनावरांसाठी घास लावला होता. दादाने माझी बॅग स्पीकरच्या जुन्या वायरने करकचून बांधली आणि कारखान्याच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी मला बसवलं. आई पायरीपाशी उभी राहून माझ्या गुडघ्याला हात लावत होती. तिचा हात तेवढाच पोचत होता. अण्णा जाळीमागून, येणाऱ्या प्रत्येक गाडीवाल्याला सांगायचे तेच मला म्हणाले, "आत शिरताना दिवे बंद कर. दुसऱ्याच्या डोळ्यांवर आपला उजेड पाडायचा नसतो."

मी हसलो. सिंगापुरात मात्र सगळे दिवे लावूनच शिरलो.

फलटणच्या अलीकडे, उसाच्या पट्ट्यात, ड्राइव्ह-इन थिएटर होतं हे इथे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. अण्णांचे ट्रक होते. मुंबईला माल उतरवताना त्यांनी एकदा असं थिएटर कुंपणाबाहेरून पाहिलं, आणि परत येऊन आमच्या रस्त्याकडेच्या रानात दोन मजली उंच भिंत बांधली. तिला दर वर्षी चुना फासायचा, तोच पडदा. तालुक्यात मोटारी किती असतील याचा विचार त्यांनी केला नव्हता. मोटारी आल्याच नाहीत. ट्रॅक्टर आले. ट्रॉलीत पाचट, पाचटावर गोधड्या, गोधड्यांवर अख्खी भावकी. खांबावरचे छोटे स्पीकर मोटारीच्या काचेला अडकवायचे होते, ट्रॉलीतल्या वीस माणसांना त्यातून काय ऐकू जाणार? मग अण्णांनी भिंतीवरच दोन भोंगे बांधले.

आमचं घर त्या भिंतीच्या मागे, तिला पाठ लावून. दुपारी सावली मिळते म्हणून तसं बांधलेलं. स्वयंपाकघराचे पत्रे तर भिंतीतच खोवलेले. पुढे गाव पिक्चर बघायचं आणि मागे आई भाकरी थापत ऐकायची. ती म्हणायची, "मी सगळे पिक्चर कानांनी बघितले. हिरो दिसतो कसा ते मला विचारू नका, पण खोटं कधी बोलतो ते सांगते."

माझं दुखणं वाटणीपासूनचं आहे. मी परदेशी निघायच्या आधी अण्णांनी वाटणी केली. जमीन, विहीर, घर सगळं दादाला. मला म्हणाले, "तू तर चाललास. तुला जमीन घेऊन काय करायची?" पैसे दिले मला, नाही असं नाही. पण विचारलं नाही. त्या रागात मी ओरडलो, "मग ही भिंत माझी!" अण्णांना गंमत वाटली असावी. त्यांनी खरोखरच भिंत आणि तिच्या पायाखालची जागा माझ्या नावावर केली. भावकीत वर्षभर हसण्याचा विषय झाला, की धाकट्याला भिंत मिळाली. मी हसलो नाही. त्यानंतर आई-अण्णा गेले, इथे माझं लग्न झालं, पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळाला, पण ते हसू माझ्या कानातून गेलं नाही.

तुम्ही जे मागे राहिलात त्यांना वाटतं, आम्ही इकडे ऐषारामात असतो. आणि जे माझ्यासारखे आले त्यांना ठाऊक आहे, की सुरुवातीला माणूस कुणाच्या तरी हाताखाली मान खाली घालूनच जगतो. मी हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग ऑफिसात पावत्या लावायचं काम करत होतो. तिथून शिकत शिकत जुन्या जहाजांचे सुटे भाग घ्यायच्या-विकायच्या धंद्यात पडलो. आज माझं स्वतःचं गोडाऊन आहे, वुडलँड्सला फ्लॅट आहे, आणि यातलं काहीही मला कुणी वाटणीत दिलेलं नाही. मी सौदा करतो, आणि चांगला करतो. माझे दोनच नियम. पहिला, समोरचा बोलेपर्यंत गप्प राहायचं. दुसरा, पंप असो की पिस्टन, त्यावरून हात फिरवायचा, एका जागी थांबायचं आणि हळू आवाजात म्हणायचं, "इथे तडा दिसतोय." तडा असो वा नसो. समोरच्याचा चेहरा उतरला की भाव उतरतो.

म्हणून दीड-दोन वर्षांपूर्वी दादाचा फोन आला, "अरे, भिंतीला मागून तडा गेलाय, पावसाळ्याआधी पाडावी म्हणतो," तेव्हा मी मोठ्याने हसलो.

"दादा, हे वाक्य मी रोज बोलतो. तुला माझी जागा हवी असेल तर सरळ सांग."

"जागा घेऊन काय करू? चार हात रुंद आहे ती."

"मग फोटो पाठव तड्याचा."

पलीकडे शांतता. मग म्हणाला, "तुला फोटो दाखवून पटवायला मी काय तुझं गिऱ्हाईक आहे?" आणि फोन ठेवला.

मी तापलो. लगेच उलट फोन करून सांगितलं, "माझ्या भिंतीला हात लावलास तर वकील पाठवीन." हेच शब्द. स्वतःच्या थोरल्या भावाला.

त्यानंतर त्याने विषय काढला नाही. गिऱ्हाईक दुकानातून निघून जातं ते परत येण्यासाठीच, हे मला पाठ आहे. मी वाट पाहत बसलो. त्याच थंडीत भारतात गेलो तेव्हा घरी न उतरता फलटणला लॉजवर उतरलो. भाड्याची गाडी रस्त्याच्या कडेला, भिंतीच्या समोर उभी केली आणि फोटो काढले. मावळतीचं ऊन पडलं होतं, चुना गेलेला असूनही भिंत सोन्यासारखी दिसत होती. दादा घरातून चहा घेऊन रस्त्यापर्यंत आला. गाडीला टेकून मी चहा प्यालो. तो म्हणाला, "आत येतोस?" मी म्हटलं, "उशीर होतोय." तो थोडा वेळ कपबशी धरून उभा राहिला. मला वाटलं, आता बोलेल, आता आकडा सांगेल. तो काहीच बोलला नाही आणि मी जिंकल्यासारखा निघून आलो.

त्यातला एक फोटो मोठा करून मी वुडलँड्सच्या हॉलमध्ये लावला. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो. असाच तो टॅन अंकलना दाखवला. टॅन अंकल माझे जुने गिऱ्हाईक, आता धंदा सोडलाय, पण गप्पा मारायला येतात. फोटो पाहून ते उडालेच. "ड्राइव्ह-इन! इथेही होतं, जुरोंगला. आम्ही वडिलांच्या लॉरीत बसून जायचो. पाऊस आला की काही दिसायचं नाही. तरी बसायचो, लाह." 'लाह' हे इथल्या बोलण्याचं शेपूट, आपल्या 'ना'सारखं.

मला झपाटल्यासारखं झालं. आपली भिंत उभी आहे, तसं इथलंही काहीतरी उरलं असेल. एखादा खांब, एखादा स्पीकर. जुन्या वस्तू हुडकणं हाच माझा धंदा. यंदाच्या मे महिन्यातल्या एका रविवारी मी टॅन अंकलना आणि माझ्या मुलीला, तन्वीला, घेऊन निघालो. तन्वी एमआरटीत, इथल्या मेट्रोत, माझ्याशेजारी बसून म्हणाली, "पप्पा, नथिंग लेफ्ट, लाह. आय चेक्ड ऑलरेडी." मी म्हटलं, "तुझ्या फोनला काय कळतं."

जुरोंगच्या तळ्याच्या बाजूला बरंच चाललो. ऊन चिकटत होतं. शेवटी एका हिरव्या कुंपणाशी अंकल थांबले आणि छत्री उचलून दाखवू लागले. पडदा त्या झाडांच्या तिथे. बसथांबा आहे ना, तिथे आमची लॉरी. आत कुंपणापलीकडे जमीन किंचित वर उचललेली दिसली. गाडीचं तोंड वर राहावं म्हणून केलेला उंचवटा मी झोपेतही ओळखेन. अंकल म्हणाले, असेलही, नसेलही, मध्ये इथे बरंच काही झालं आणि मोडलं.

कुंपणाच्या दारात गार्ड होता. मी त्याच्याशी सौदा सुरू केला. पाच मिनिटं. बरं, दोन. बरं, तू बरोबर ये. "बॉस, कॅनॉट," एवढंच तो म्हणत राहिला. माझा आवाज चढला. तन्वी माझी बाही ओढत होती, "पप्पा, डोन्ट लाह, सो पैसे!" इथल्या बोलीत 'पैसे' म्हणजे लाज आणणारं, हे मला तिच्याच शाळेमुळे कळलंय. मी गार्डवरचा राग अंकलवर काढला. एवढा श्रीमंत देश, एक खांब ठेवता आला नाही तुम्हाला? कसली माणसं तुम्ही?

अंकल छत्रीवर हात ठेवून शांतपणे म्हणाले, "ठेवायचं कशाला? त्याच्या खाली राहणार कोण? यू, आह?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. वहिनी. दादाची बायको मला कधीच फोन करत नाही. सणावारी दादाच्या फोनवरून दोन शब्द, तेवढंच.

"भाऊजी, तुमच्या भिंतीनं आज माझा माठ फोडला."

"काय?"

"माठ. पाण्याचा. वळवाचं वारं सुटलं, वरनं ढलपा आला तो पत्रा फाडून थेट चुलीपाशी. मी कुरडया गोळा करायला बाहेर पळाले होते म्हणून तुमच्याशी बोलतेय. नाहीतर माठाच्या जागी माझं डोकं होतं, आणि तुम्ही त्याचाही फोटो मागितला असता."

मी म्हटलं, "वहिनी, दादाने मला सांगायला हवं होतं, इतकं वाईट आहे म्हणून."

"सांगितलं नव्हतं? तुम्ही वकील दाखवलात त्यांना. गेल्या पावसाळ्यापासून आम्ही दोघं तिकिटाच्या खोलीत झोपतो. सासऱ्यांच्या त्या खोलीत पाय लांब करता येत नाहीत यांना. म्हटलं, भाऊजींना सांगा. तर म्हणाले, नको, त्याला वाटेल मी भाव करतोय. म्हटलं, मग पाडून टाका, ते काय येतायत बघायला. तर म्हणाले, त्याची आहे, अण्णांनी दिलीय." तिने पत्र्याचा तुकडा बाजूला सारल्याचा आवाज आला. "थंडीत आला होतात. चहा घेऊन गेले तेव्हा मी दारात उभी होते. म्हटलं, एकदा मागं येतील, वर बघतील. तुम्ही पुढनंच गेलात."

जुरोंगच्या फूटपाथवर मी उभा होतो, टॅन अंकल दूर बघत होते, तन्वी माझ्याकडे बघत होती. मराठी तिला कळते, उत्तर मात्र ती इंग्रजीत देते. तिने सगळं ऐकलं होतं.

"दादाला द्या," मी म्हणालो.

दादा फोनवर आला आणि काही बोलला नाही. मीही. आयुष्यभराची सवय, समोरच्याने आधी बोलावं. तो पलीकडे गप्प आहे म्हणजे भाव ठरवतोय असं मी कितीदा समजलो असेन. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, की हा माणूस नुसता गप्प आहे. त्याला माझ्याकडून काही नको होतं, मी मागे येऊन वर बघण्यापलीकडे.

"दादा, पाड ती," मी म्हणालो. "उद्याच पाड. आज रात्री चुलीकडे कुणी जाऊ नका."

"तू येतोस का? तुझ्यासमोर पाडू. थांबतो चार दिवस."

बघा, अजूनही थांबायला तयार. मी ओरडलो, "नको थांबूस!" मग आवाज खाली आणून म्हटलं, "माझ्यासाठी आता काही थांबवू नकोस." माफी मागायची होती. इथे तीन भाषांत भांडता येतं मला, पण तो एक शब्द मराठीत तोंडातून निघेना. दादाच म्हणाला, "बरं. जेवलास का?"

भिंत पडली. मशीन लावलं, दुपारपर्यंत सपाट. आमच्या हॉलमधला फोटो मी उतरवला नाही. आधी तो मिरवायला लावला होता, आता तो समोर असू दे म्हणून ठेवलाय. तन्वीने परवा जेवताना विचारलं, "पप्पा, बॅकसाइडचा फोटो आहे का?" एवढं लांब मराठी वाक्य ती क्वचित बोलते. नाही, म्हणालो. एकही नाही.

आठवड्याने वहिनीने व्हिडिओ पाठवला. नवे पत्रे, नवा माठ, आणि स्वयंपाकघरात ऊन. त्या घरात संध्याकाळचं ऊन मी कधी पाहिलं नव्हतं. आईनेही नाही. वहिनीने फोन चुलीपाशी धरला होता, तिथून घासाचा हिरवा तुकडा, बांध, आणि थेट डांबरी रस्त्याचं वळण दिसत होतं. तिचा आवाज आला, "हे बघा भाऊजी. आता तुम्ही फाट्यावरून वळलात की मला भाकरी थापता थापता दिसाल. चहा ठेवायला वेळ मिळेल."

तो व्हिडिओ मी रोज बघतो. कुणी घर विचारलं की आता मला दुसरं काही आठवत नाही, चुलीपासून रस्त्यापर्यंतची ती मोकळी जागा आठवते. व्हिडिओत रस्ता रिकामा आहे. एक मोटारसायकल जाते, दोन शेरडं जातात. वहिनी फोन बराच वेळ तसाच धरून ठेवते, जणू कुणी वळेलच.