घाटात बॉनेट वर करून

सहादेव मिस्त्रीने चालू इंजिनावरचं ऑइल ओतायचं झाकण काढलं आणि तो बाजूला झाला. आतून निळसर धूर धापा टाकत वर आला. बाबाजान शेखांनी तो पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि खिशातली सुपारी काढून कातरत बसले.

"दिसला का?" सहादेवाने विचारलं.

"धूर कुणाच्या जुन्या गाडीला न्हाई? तू टर्बो बसव."

"बाबाभाई, टर्बो म्हंजे इंजिनात हवा दाबून कोंबायची. ताकद वाढती, खरं हाय. पर ह्याच्या पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. हाय तेवढा दाबच ह्याला धरवंना, त्यात आनखी कोंबला तर पिस्टनला भोक पडंल. आदी इंजिन बदला. मग बसवू टर्बो."

"इंजिन न्हाई बदलायचं."

"मग टर्बोबी न्हाई बसायचा," सहादेव म्हणाला आणि झाकण लावून हात पुसायला लागला. शेवगावात पाथर्डी रस्त्याला त्याचं गॅरेज होतं. इतकी वर्षं या जीपचं पोट त्याच्याशिवाय कोणी उघडलं नव्हतं, त्यामुळे त्याच्यापुढे बाबाजानचं फारसं चालत नसे.

ही जीप म्हणजे बाबाजानची उभी हयात. तिच्या मीटरने आकड्यांचा एक अख्खा फेरा पुरा केला, शून्यापासून पुन्हा सुरुवात केली आणि मग कंटाळून तो बंदच पडला. आठवड्यातून एकदा पहाटे मोसंबीच्या पाट्या भरायच्या, तिसगाव मागे टाकायचं, करंजीचा घाट चढायचा आणि नगरच्या बाजारात माल उतरवायचा. येताना शेवगावच्या दुकानदारांच्या पेट्या घेऊन यायचं. घाटाच्या शेवटच्या वळणावर जीप गरम व्हायची. तिथे ती थांबवायची, बॉनेट वर करायचं, इंजिन निवू द्यायचं, पाणी ओतायचं आणि पुढे निघायचं.

आणि या थांबण्यापायीच बाबाजान टर्बोच्या मागे लागले होते. मागच्या महिन्यात ते त्या वळणावर उभे असताना एक तसलीच जुनी जीप शीळ घालत शेजारून वर निघून गेली. ड्रायव्हरने थांबायचं सोडाच, गिअरसुद्धा बदलला नाही. टर्बोचा आवाज तो. बाबाजान तिच्या धुळीकडे बघत राहिले आणि त्यांनी मनाशी ठरवलं, आपल्यालाही असंच निघून जायचं. त्या वळणावर आता एक मिनिटभरसुद्धा उभं राहायचं नाही. त्यांना ते सोसत नव्हतं.

कारण त्या वळणावर गौहर होती. म्हणजे असायची.

गौहर त्यांची बायको. शेवगावात तिचं बांगड्यांचं दुकान होतं. माल आणायला ती दर खेपेला जीपमध्ये पुढे बसून नगरला यायची. आता कोणी म्हणेल, नवरा-बायकोने गाडीत शेजारी बसण्यात काय मोठंसं! पण शेखांच्या घराची रीतच निराळी होती. थोरल्यांसमोर नवऱ्याने बायकोशी बोलायचं नाही. बाबाजानची आई ओसरीवर बसून असे आणि तिचे कान म्हातारपणीही तल्लख होते. जेवण वाढलं आहे, हे गौहर भिंतीला सांगायची आणि भिंतीचं ऐकून बाबाजान ताटावर यायचे. पुढे आई गेली, भाऊ वेगळे झाले, घर रिकामं झालं. पण सवय अशी हाडात मुरली होती की त्या रिकाम्या घरातही दोघांना एकमेकांशी बोलायचा संकोच वाटे. चालत्या जीपमध्ये तर इंजिनाच्या आवाजापुढे काही ऐकूच यायचं नाही.

बोलायला मिळायचं ते फक्त घाटात. बॉनेट वर असलं की काय हिंमत कोणाची नावं ठेवायची! गाडी गरम झाली, माणसं थांबली, संपलं. रस्त्याच्या कडेला विनाकारण गप्पा मारत बसलेले नवरा-बायको शेवगावकरांनी पाहिले असते तर आठवडाभर चघळायला विषय झाला असता. तिथे कठड्यावर बसून गौहर फडक्यातली भाकरी आणि खर्डा सोडायची आणि तिच्या तोंडाची टकळी सुरू व्हायची. दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या नकला, कोपरगावला दिलेल्या लेकीच्या, अलफियाच्या सासूचा स्वभाव, बाबाजानने कधी दाढी राखावी आणि कधी काढावी, सगळं तिथेच. त्यांचा संसार घरात झाला, पण एकमेकांची ओळख झाली ती त्या वळणावर.

थंडीच्या दिवसांत इंजिन फारसं तापत नसे. तरीही वळण आलं की गौहर तापमानाच्या काट्याकडे बोट दाखवून ओरडायची, "काटा वर चाललाय जी, थांबवा!" काटा मधोमध असायचा. बाबाजान तो पाहायचे, जीप कडेला घ्यायचे आणि गंभीर चेहऱ्याने बॉनेट वर करायचे. ती खोटं बोलते हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांना ठाऊक आहे हे तिला. त्यावर मात्र दोघं कधी बोलली नाहीत.

गेल्या पावसाळ्यात ती गेली. शुक्रवारी नमाज झाली की बाबाजान कब्रस्तानात जात, पण तिथे चार माणसं शेजारी उभी. हात वर करून दुआ म्हणायची आणि परतायचं. थोरल्यांसमोर बायकोशी बोलायचं नाही, ही रीत तिथेही त्यांच्या मानगुटीवर बसलेली होती. घरी आलं की चहा स्वतः करायचा आणि स्वतःच प्यायचा. अलफिया फोनवर म्हणे, "अब्बा, तो खटारा विका आणि इकडे या." बरं म्हणून ते फोन ठेवत. एकटं वाटतंय हे लेकीला कसं सांगायचं, ते त्यांना जमत नव्हतं.

आणि दर आठवड्याला ते वळण. बॉनेट वर, इंजिनाची वाफ, आणि कठड्यावर कोणी नाही. पाणी ओतताना ते कठड्याकडे पाठ करून उभे राहायचे.

शेवटी बाबाजान हरले. "बदल इंजिन," ते सहादेवाला म्हणाले. सहादेवाने नगरहून पूर्ण दुरुस्त केलेलं एक इंजिन आणवलं. जुनं इंजिन साखळीला टांगून वर उचललं तेव्हा बाबाजान बाहेर जाऊन उभे राहिले.

काम झाल्यावर सहादेवाने बजावलं, "थोडं दिवस दमानं चालवा. पिस्टन-रिंगा बसू द्या नीट. टर्बो मी एका भंगारातल्या गाडीचा बघून ठिवलाय, त्यो घिऊन मानूस आला की सांगतो. पर खरं सांगू का, आता टर्बोबिगरबी घाट चढंल ही."

आणि जीप खरोखर चढली. पाट्या भरलेल्या, ऊन वर आलेलं, तरी काटा जागचा हलला नाही. शेवटचं वळण आलं. बाबाजाननी समोर नजर रोखली, कठड्याकडे पाहिलंच नाही, आणि वळण मागे पडलं. माथ्यावर आल्यावर त्यांना हसू फुटलं. "चढली की गं!" ते मोठ्याने म्हणाले आणि शेजारी वळले.

शेजारच्या सीटवर मोसंबीची पाटी होती.

नगरला ते लवकर पोचले. माल उतरला, दुकानदारांच्या पेट्या चढल्या, तरी दुपार उरलीच. बाजारात ओळखीचे दोघे-तिघे भेटले. नव्या इंजिनाचं त्यांना सांगावं असं बाबाजानच्या ओठावर आलं आणि तसंच राहिलं. ही बातमी त्यांना द्यायची नव्हती. जिला द्यायची होती तिच्याशी बोलायची एकच जागा बाबाजानना माहीत होती, आणि ती आज त्यांनी आपल्या हाताने मागे टाकली होती. इतके महिने त्या वळणावर जीव तुटत होता, तरी तुटायला तिथे काहीतरी होतं. आज काहीच नव्हतं. त्यांना भीती वाटली.

परतताना घाटाचा उतार लागला. उताराला गाडी आपसूक चालते, इंजिनाला काडीचा त्रास नसतो. तरी त्या वळणावर बाबाजाननी ब्रेक दाबला. जीप कडेला घेतली, खाली उतरले आणि बॉनेट वर केलं. इंजिन अगदी शहाण्यासारखं होतं, त्याची काही तक्रार नव्हती. ते कठड्यावर जाऊन बसले. घसा साफ केला. थोरली माणसं आसपास आहेत का हे पाहावं तसं त्यांनी रस्त्यावर दोन्हीकडे पाहिलं.

"न थांबता चढली आज," ते हलकेच म्हणाले. मग ते बोलत राहिले. मोसंबीला डाग पडलेत, दुकानाचं कुलूप गंजलंय, अलफियाची सासू आता बरी वागते. दाढीचं काय करायचं, तेही विचारून घेतलं.

तेवढ्यात फोन वाजला. सहादेव होता.

"बाबाभाई, टर्बोवाला आलाय. ठिवून घिऊ का? कुठं पोचलात?"

"घाटात. शेवटच्या वळनावर." बाबाजाननी डोळे पुसले. "गाडी गरम झाली. बॉनेट वर करून थांबलोय."

नव्या इंजिनाची गाडी उताराला गरम होत नाही, हे सहादेवाला कोणी शिकवायची गरज नव्हती. आणि नगरला जाता-येता ते बॉनेट, तो कठडा आणि त्यावर बसलेली दोघं त्यानेही अनेकदा पाहिली होती.

"लई गरम झाली का?" त्याने विचारलं.

"व्हय. लई."

"मग टर्बो नगंच ह्या गाडीला," सहादेव म्हणाला. "दर खेपेला थांबत जावा तितं. आन् घाई करू नगा, निवू द्या सावकाश."