माया जागं करायला शिकली

वेल्ह्याच्या नागसेन टेलरची माया पुण्यात लहान मुलांची भूलतज्ज्ञ झाली, तेव्हापासून गावात तिची ओळख एकच: पोरं झोपवणारी डॉक्टरीण. ते खोटंही नव्हतं. ऑपरेशन थेटरात मूल जरा हललं की तिचा हात औषधाकडे जायचा. शस्त्रक्रिया झाली की मूल अतिदक्षता विभागाच्या दारात सोपवायचं, तिथं तिचं काम संपायचं.

यंदा मात्र रुग्णालयानं भूल आणि अतिदक्षता, दोन्हीकडचं शिक्षण एकत्र केलं. आपण झोपवलेल्या मुलाबरोबर मायानं दाराच्या आत जायचं आणि ते स्वतःच्या श्वासावर येईपर्यंत तिथंच शिकायचं.

पहिलाच आला पाली गावचा गेनू. भाजलेला चिंचोका चघळताना हसला आणि चिंचोका थेट श्वासनळीत. मायानं भूल दिली, चिंचोका निघाला; पण आत सूज होती, म्हणून घशात नळी ठेवून यंत्रानं श्वास चालू ठेवला.

सूज उतरल्यावर तिथल्या प्रमुख शेफाली मॅडमनी झोपेचं औषध कमी केलं. गेनू जागा होऊन आपला आपण श्वास घेतो का, एवढंच आता पाहायचं होतं. दुपारी त्याची बोटं हलली आणि मायाचा हात सवयीनं औषधाच्या पंपाकडे गेला.

"हात मागे," मॅडम म्हणाल्या. "तिथं हललं की झोपवायचं. इथं हललं की बघायचं."

माया ओशाळली. गेनू पुन्हा निपचित पडला होता. थेटरात तिनं नातेवाइकांना कायम बाहेर काढलेलं. आज ओळखीच्या हाकेनं तो जागा होईल म्हणून ती स्वतः जाऊन त्याच्या आजीला, धोंडाबाईंना, आत घेऊन आली.

धोंडाबाईंनी आधी तिलाच न्याहाळलं. "कुणाची गं तू?"

"वेल्ह्याच्या नागसेन टेलरची."

"आगं, माज्या चोळ्या त्योच शिवतो. लई घट्ट शिवतो." मग त्या नातवाच्या कानाशी वाकल्या. "गेनू, ऊठ रं. शेरडं भातात शिरली."

गेनूनं डोळे उघडले आणि तो उठायलाच निघाला. या वेळी मायानं हात पाठीशी बांधून ठेवले होते. श्वास नीट चाललेला पाहून मॅडमनी नळी काढली. तेवढ्यात त्याचा गळा आतून आवळला आणि श्वास अडला. मॅडम बाजूला सरकल्या.

"हे तुझं काम."

मायानं त्याचा जबडा अलगद पुढं उचलला, तोंडावर मास्क धरला. छाती भरली, रिकामी झाली, पुन्हा भरली.

"झोपवलं बी तूच, उठवलं बी तूच व्हय?" धोंडाबाई म्हणाल्या.

"उठवलं तुम्ही, आजी. मी शिकतेय."

मास्कखालून घोगरा आवाज आला, "आज्जे, शेरडं हाकलली का?"

"हाकलली रं," धोंडाबाईंनी ठोकून दिलं. डोळे पुसून त्या मायाकडे वळल्या. "तुज्या बापाला सांग, पुढची चोळी जरा सैल शिव म्हणावं. श्वास घेता याया पायजे."