कालची तारीख

न्हावा शेवा बंदरातल्या एका कंपनीत कारकुनी करून निवृत्त झालेले काशिराम पाच वर्षं पनवेलच्या आपल्या गल्लीत 'साहेब' होते. सरकारनं त्यांना विशेष कार्यकारी अधिकारी नेमलं होतं. पगार नव्हता. शाळा-कॉलेजच्या कागदांच्या झेरॉक्सवर 'खरी प्रत' असा शिक्का मारून सही करायची, एवढंच काम.

२०११ साली त्यांची मुदत संपली. दुसऱ्याच सकाळी शेजारची समीक्षा गुणपत्रिका घेऊन आली. कॉलेजच्या प्रवेशाचा शेवटचा दिवस होता.

"माझा अधिकार कालच संपला, बाय," काशिराम म्हणाले.

तिला ते कळेना. माणूस तोच, शिक्काही समोर टेबलावर. वॉर्डाचा नगरसेवक दादू तिथंच चहा पीत बसला होता. त्यानं सहज सुचवलं की कालची तारीख टाका, कोण बघायला येतंय.

पोरीचं वर्ष वाया गेलं तर, हा विचार काशिरामांनाही सोडत नव्हता. हात एकदा शिक्क्याकडे गेलाही. मग म्हणाले, "दादू, तुला लोकांनी निवडून दिला, मला सरकारनं नेमला. दोघांनाबी मुदत हाय. ती संपल्यावर सही केली, तर ती नुसत्या काशिरामची. तिचा पोरीला काय उपयोग नाय."

दादूनं मग स्वतः सही करायची तयारी दाखवली. पण त्याच्या सहीनं फार तर रहिवासाचं पत्र मिळालं असतं. काशिरामांनी चपला घातल्या आणि समीक्षाला घेऊन सरकारी दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टर नीता राजपत्रित अधिकारी होत्या. दीड तास रांगेत गेला. डॉक्टरांनी दोन रुग्णांच्या मधे कागद पाहिले आणि सही केली. समीक्षानं धीर करून विचारलं, तुमची मुदत कधी संपते? त्या हसल्या. परीक्षा दिली, आयोगानं निवडलं, राजपत्रात नाव आलं. आता नोकरी आहे तोवर सही चालेल, म्हणाल्या. मग काशिरामांकडे वळून त्यांनी विचारलं, आपण हिचे कोण?

"शेजारी," काशिराम म्हणाले. पाच वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी स्वतःची अशी ओळख दिली होती. ती जड गेली खरी, पण खोटी नव्हती.

समीक्षाला प्रवेश मिळाला. नंतरही लोक सवयीनं यायचे. काशिराम त्यांना दवाखान्याचा रस्ता सांगायचे.

काही वर्षांनी नियमच बदलला. काशिराम पत्ता बदलायला बँकेत गेले, तेव्हा आधार कार्डाच्या प्रतीवर कुणाची सही लागेल, असं त्यांनी विचारलं. काउंटरवरच्या मुलीनं कागद त्यांच्याकडेच सरकवला. "तुमचीच, काका. आता ज्याची त्यानं करायची."

"माझी चालेल?"

तिनं बोटानं जागा दाखवली. काशिराम बाकावर बसले, खिशातून मूळ कार्ड काढलं, झेरॉक्सवरचा आकडा न् आकडा त्याच्याशी ताडून पाहिला आणि मग सही केली.