तांदळाच्या डब्यातली अंजिरं

फार्मासिस्ट सुलेखाताईंच्या रिकार्टन उपनगरातल्या घराच्या बॅकयार्डातलं अंजीर दरवर्षी फळायचं, पण पिकायच्या आत थंडी पडायची. यंदा लेक सिद्धी नोकरीसाठी मेलबर्नला निघाली होती. तिनं घरचं पिकलेलं एक तरी अंजीर खाऊन जावं, एवढंच ताईंना हवं होतं. फ्रॉस्ट पडून फळं करपतील या धास्तीनं त्यांनी हिरवी फळं तोडून तांदळात पुरली.

“आई, अंजिरं तोडल्यावर पिकत नाहीत,” सिद्धी इंग्रजीत म्हणाली.

“आंबे पिकतात ना? मग गप्प बस.”

निघायच्या सकाळी डब्यातून सुरकुतलेल्या गोट्या निघाल्या. फ्रॉस्ट काही अजून पडला नव्हता. भिंतीलगत पानाआड नजरेतून सुटलेलं एक अंजीर मात्र मऊ होऊन लोंबत होतं. सिद्धीनं ते खाल्लं.

“हे कसं राहिलं?”

“मुद्दाम ठेवलं होतं,” सुलेखाताई म्हणाल्या आणि त्या तांदळाचा भात लावायला गेल्या.