दोन गाठींची पुडी

नाताळच्या दिवशी आपल्या घरातलं पाणी इतकं का संपतं, हे कोडं नान्तोंगोला कैक वर्षं सुटलेलं नव्हतं. एरवी ओट्यावरचा माठ दोन दिवस आरामात पुरायचा. नाताळला मात्र जेवणं झाली रे झाली की पोरं माठावर तुटून पडायची, आणि संध्याकाळच्या चहाला पेलाभरही उरायचं नाही. उन्हात हुंदडतात, तहान लागणारच, असं ती स्वतःला सांगायची. पण हुंदडायची तर ती आदल्या दिवशीही. मग शेवटी ती दोन माठ भरून ठेवू लागली आणि कोडं तसंच राहिलं.

मसाका शहराच्या अलीकडे, केळीच्या बागेत तिचं पत्र्याचं घर होतं. बाई अंगानं थोराड, पंजे पुरुषासारखे रुंद. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. पण डिसेंबर उजाडला की कंपालातले भाऊ आपापली पोरं तिच्याकडे पाठवून द्यायचे आणि घर गजबजून जायचं. पोरं तिला सेंगा म्हणायची. सेंगा म्हणजे आत्या, पण तिकडच्या आत्याला आईपेक्षा जास्त ऐकून घेण्याचा आणि ऐकवण्याचा हक्क असतो, आणि नान्तोंगो तो पुरेपूर वसूल करायची.

आजूबाजूच्या घरांत नाताळ म्हणजे नुसती लगीनघाई. कुणाचा फ्रॉक शिंप्याकडे अडकलेला, कुणाची आई सकाळपासून डाफरतेय, कुणाचा बाप घरातून पळून झाडाखाली बसलेला. नान्तोंगोच्या घरी यातलं काही नाही. नवे कपडे असतील तर घाला, नसतील तर धुतलेले घाला. कोपऱ्यात एक हिरवी फांदी. आणि प्रत्येकाला एक लुवोम्बो, म्हणजे केळीच्या पानात बांधून वाफवलेली पुडी. एवढाच थाट.

सुरुवातीला असं नव्हतं. एका वर्षी तर कोंबडीच्या तंगडीपायी दोन भाचे चर्चच्या कपड्यांनिशी चिखलात लोळले होते. तेव्हा वैतागून तिनं नियम काढला. पुड्या सगळ्यांनी मिळून बांधायच्या, सगळ्या सारख्याच दिसायला हव्यात. जेवताना डोळे मिटून एक उचलायची. आत कोंबडी निघो, गोमांस निघो, नाहीतर अळंबी. जे निघेल ते मुकाट खायचं. अदलाबदल नाही, कुरकुर नाही. त्या दिवसापासून भांडणं बंद झाली. उलट सकाळभर पोरांना एकच चाळा लागायचा, आपल्या पुडीत काय असेल? चर्चमध्येसुद्धा त्यांची नाकं घराकडे.

कोंबडी ती स्वतःच करायची. मीठ चोळायची, धुरावर भाजायची, शेंगदाण्याच्या दाट कालवणात सोडायची. तिच्या हातच्या कोंबडीसाठी पोरं वर्षभर वाट बघतात, असं भाऊ सांगायचे. तिनं स्वतः मात्र कोंबडी जन्मात चाखली नव्हती. तिच्या आईनंही नाही. जुन्या वळणाच्या बायका खातच नसत. मुलीनं कोंबडी खाल्ली तर तिला मूल होत नाही, असं आई म्हणायची. नान्तोंगोनं खाल्ली नाही, तरीही झालं नाही. पण आईचा शब्द म्हणून तिनं पुढेही पाळलं. कोंबडी करायला मात्र आईनंच शिकवलं होतं. चुलीपाशी बसवून, तिचा इवलासा हात धरून आई म्हणाली होती, "एका कोंबडीला तुझी एक मूठ मीठ." बाकी सगळा अंदाज वासावर. भाजताना वास आला की तिला दरवेळी वाटायचं, असेल तरी कशी? पण हा प्रश्न विचारणार कुणाला?

त्या वर्षी नाबोसा पहिल्यांदाच आली. लुब्वामाची, म्हणजे धाकट्या भावाची, जेमतेम सात वर्षांची मुलगी. आल्या आल्या गुडघे टेकून नमस्कार केला आणि उठता उठता पहिला प्रश्न टाकला. नंतर थांबलीच नाही.

नाताळच्या सकाळी सगळे ओट्यावर पानं शेकून पुड्या बांधत होते.

"सेंगा, या पुडीला दोन गाठी का?"

"म्हातारीची पुडी आहे. सुटू नये म्हणून."

"म्हणजे ही तुझी? मग तू डोळे मिटून नाही उचलत?"

"मिटते की."

"मिटून गाठ चाचपतेस," नाबोसा म्हणाली. "आत काय आहे?"

"अळंबी. आता ते बांधायचं केळीचं सोपट दे इकडे आणि तोंडाला गाठ मार."

नान्तोंगो कपडे बदलायला आत गेली. परत आली तेव्हा पुड्या पातेल्यात रचून झाल्या होत्या आणि नाबोसा हात धूत होती. इतकी शहाण्यासारखी, की कुणालाही संशय यावा. पण नान्तोंगोला चर्चची घाई होती.

दुपारी लुब्वामा कंपालाहून पोचला. चटया अंथरल्या, मटोके, म्हणजे वाफवून कुस्करलेली कच्ची केळी, वाढले. पोरांनी डोळे मिटून पुड्या उचलल्या. नान्तोंगोनंही मिटले, दोन गाठी हाताला लागल्या, पुडी उघडली. अळंबीच्या मधोमध कोंबडीची आख्खी तंगडी पहुडली होती.

"मी घातली," नाबोसा म्हणाली. तिचा चेहरा आनंदानं फुलला होता. "तुला दरवर्षी नुसती अळंबीच येते ना, म्हणून. एका पुडीतली काढून तुला दिली, आणि त्या पुडीला खूण करून ती मीच उचलली."

लुब्वामाचा घास हातातच राहिला. "ताई, राहू दे. तिला माहीत नाही. मी खातो ती."

"मग मीपण बदलणार," मुबिरू लगेच म्हणाला. तो भावांच्या पोरांत सगळ्यात थोरला, आणि त्याला अळंबी आली होती. "सेंगानं बदललं तर मी का नाही?"

"मलापण मांस नको," दुसरा एक पोरगा म्हणाला.

"तू मागच्या वर्षी माझी तंगडी बघून रडला होतास!" शेजारचा त्याच्यावर ओरडला.

नान्तोंगोला जुना चिखल आठवला. तिनं तंगडी लुब्वामाला दिली, तर नियम आजच मोडणार, आणि पुढच्या नाताळापासून पुन्हा तीच झोंबाझोंबी. नाही दिली, तर आईचा शब्द मोडणार. तिनं नाबोसाकडे पाहिलं. पोरीच्या पुढ्यात नुसतं कालवण होतं आणि ती सेंगाच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. आणि खरं सांगायचं तर नान्तोंगोच्या मनातही तो जुना प्रश्न उड्या मारत होता. असेल तरी कशी?

"नियम म्हणजे नियम," ती म्हणाली आणि तिनं तंगडी उचलली.

ती चावत राहिली. बराच वेळ. मग तिनं भावाकडे पाहिलं.

"लुब्वामा, ही खारट आहे."

लुब्वामानं मान खाली घातली.

"दरवर्षी अशीच असते?"

"ताई," लुब्वामा पुढ्यातल्या मटोक्याला म्हणाला, "तूच सांगतेस ना, निघेल ते मुकाट खायचं."

नान्तोंगोनं माठांकडे पाहिलं. मग आपल्या रुंद पंजाकडे. आईनं शिकवलं तेव्हा ही मूठ लिंबाएवढी होती. हात वाढत गेला आणि ती आपली तीच एक मूठ घालत राहिली. एवढी वर्षं ही पोरं, आणि त्यांच्याआधी हे भाऊ, खारट कोंबडी खाऊन पाणी पीत राहिले आणि पुढच्या वर्षी पुन्हा आले. तिला लाज वाटली, आणि हसू आलं, आणि दोन्हींत डोळे भरून आले.

"नाबोसा, इकडे ये. मूठ दाखव."

नाबोसानं मूठ पुढे केली. नान्तोंगोनं ती आपल्या पंजात धरली आणि उलटीसुलटी करून पाहिली.

"पुढच्या नाताळला मीठ ही घालणार," तिनं जाहीर केलं.

"आणि त्याच्या पुढच्या वर्षी?" मुबिरूनं विचारलं. "तेव्हा तिची मूठ वाढलेली असेल."

"तेव्हा तिच्याहून धाकटं कुणीतरी असेलच," नान्तोंगो म्हणाली. तिनं उरलेली तंगडी हाडापर्यंत साफ केली, उठली, आणि त्या वर्षी माठापाशी सगळ्यांच्या आधी तीच पोचली.